ढाणकीचा जवाब

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

साधना आली होती — डोमाजीची पोरगी! वणीला शाळेत शिकवते. डोमाजीला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून पहिल्यांदाच आली. पिशवीतून वही काढून समोर ठेवली. "काका, बाबाची चोवीस गाणी कुठंच रेकॉर्ड नाही. तुम्ही चाली लावून द्या."

मी! डोमाजीच्या गाण्यांना! हसू दाबता दाबता ठसका लागला. जिल्ह्यात एवढे पेटीवाले पडलेत, आणि ही आली कुणाकडे, तर ज्यानं तिच्या बापाला भर मंचावर गप्प केलं त्याच्याकडे. विचारलं, "ढाणकीले काय झालतं, तुले माहीत हाय ना?"

"हाव. पण बाबाच म्हणे, चालीत उकंडाचा हात कोणी धरत नाही."

डोमाजी असं म्हणायचा? माझ्या तोंडावर तर कधी म्हणाला नाही! यावर नाही कसं म्हणणार? प्रभावती चहा घेऊन आली ती हसतच. "घ्या, आता तरी त्याच्या कामी या."

११ फेब्रुवारी

वही साधनाच्या हातची आहे. मूळ वहीचं पान उलटलं की तुकडा पडतो म्हणे, म्हणून तिनं सगळी गाणी नव्या वहीत उतरवून घेतली. मास्तरणीचं अक्षर, चष्मा न लावताही वाचता येतं.

जवळजवळ प्रत्येक गाण्यावर लिहिलेलं — 'चाल:' आणि पुढे कुठलं तरी सिनेमाचं गाणं. आम्ही सगळे हेच करायचो. लोकांच्या कानात चाल आधीच असायची, आपण फक्त शब्द भरायचे. दुसऱ्या ओळीला अख्खी वस्ती मागून झील धरायची.

पण आमच्याच वस्तीतला धम्मदीप, जो हे सगळं रेकॉर्ड करणार आहे, तो म्हणतो सिनेमाची चाल चालायची नाही. "नेटवरून काढून टाकतेत काका. आपली चाल पायजे, नवी."

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिली बैठक, माझ्याच घरी. मी पेटीवर, धम्मदीप गिटारवर, साधना गायला. गिटार बघून मी नाक मुरडलं होतं. पण पोरगा बरा वाजवतो. बरा म्हणजे चांगलाच. तोंडावर सांगितलं नाही.

साधनाचा आवाज बापावर गेला आहे. वर चढताना थोडा फाटतो, आणि तिथंच गोड लागतो.

२० फेब्रुवारी

पेटीचा एक सूर बसलाय, वाजतच नाही. सगळ्या चाली मुकाट्यानं त्याला वळसा घालून जातायत!

२३ फेब्रुवारी, रविवार

सहा गाणी झाली. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत इतका मजेत नव्हतो. खाणीतल्या नोकरीतून सुटलो तेव्हापासून पेटीवर फडकंच होतं. आता सकाळी उठलो की आधी भाता हलवून बघतो. प्रभावती म्हणते, जेवणाची आठवण करून द्यावी लागते, नव्या नवरदेवासारखं चाललंय.

२ मार्च, रविवार

बरं झालं, आज बैठक नव्हती.

एकोणिसावं गाणं. याच्यावर चाल लिहिलेलीच नाही. म्हटलं बघू, नुसते शब्द बोटांवर घेऊ. पहिली ओळ वाजवली आणि बोटं आपोआप निघाली. थांबायलाच तयार नाहीत. ही चाल तर माझी! माझ्या सवालाची!

१९८८ सालची गोष्ट. मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत जवाब द्यायचा, नाही आला की हरला. माझा सवाल होता:

विहीर अडली, नदी अडली, अडलं गावतळं,
सांग शाहिरा, कोणतं पाणी अडवता नाही आलं?

आधी नेरला टाकला, तिथली पार्टी गारद. जवाब मीच सांगितला — डोळ्यांतलं पाणी. टाळ्या! आठ दिवसांनी ढाणकीला डोमाजी समोर. बाजारात हमाली करणारा माणूस, पण जवाबाला कधी न अडलेला. त्या दिवशी अडला. खाली बघत उभा राहिला आणि बसला. पहिल्या रांगेत प्रभावतीचे वडील होते, दुसऱ्या दिवशी आमची सोयरीक पक्की झाली. त्यानंतर डोमाजी जिथं भेटेल तिथं मी विचारायचो, "सापडला का जवाब?" तो हसायचा. "शोधून राह्यलो बाप्पा, शोधून राह्यलो."

आणि हा बघा जवाब:

डोळ्यांतलं तं वाळून गेलं, घामाचं झालं मीठ,
दौतीतलं रे पाणी गड्या, वाहत गेलं नीट.

दौतीतलं. शाईचं! माझा जवाब पहिल्याच ओळीत वाळवून टाकला पठ्ठ्यानं. माझ्यापेक्षा चांगला आहे. शंभर पटीनं चांगला आहे. घरी बसून लिहिला असणार, हरल्यावर.

३ मार्च

साधनाला फोनवर सांगितलं, एकोणिसाव्याला चाल बसत नाही. सोडून देऊ.

९ मार्च, रविवार

धम्मदीपनं त्याला आपली चाल लावून बघितली. दर ओळीला एक अक्षर उरायचं. कसं बसेल? ते गाणं माझ्या चालीच्या मापानं शिवलंय. मी छताकडे बघत बसलो.

दोघं गेल्यावर प्रभावती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आंघोळ करताना तं बरोबर म्हणता तुम्ही ते गाणं."

पकडला गेलो! सगळं सांगितलं. म्हटलं, अख्ख्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट जिंकलो आहे. लोक अजून 'ढाणकीवाले' म्हणतात. ती पण देऊन टाकू?

"माह्यासंग राह्यले इतके वर्ष, ते काही जिंकणं नाही काय?" म्हणाली आणि भाजी धुवायला उठली. 

१७ मार्च

आठ दिवस स्वतःशी भांडलो. हरलो. साधनाला फोन केला आणि चाल गाऊन दाखवली.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चौदा एप्रिलच्या जयंतीले ढाणकीतच गाऊ काका. सवाल तुम्ही म्हणा, जवाब मी देतो."

म्हणजे ज्या गावात जिंकलो, तिथंच हरायचं! हो म्हणालो.

६ एप्रिल, रविवार

चोवीसही गाणी झाली. धम्मदीपनं सवालाच्या आधी गिटारचा तुकडा टाकलाय, नको म्हणता म्हणता आवडला. आज तोंडावर सांगितलं त्याला. पोरगं लाजलं.

१५ एप्रिल

काल ढाणकी. गाडीत बसून कंबर मोडली, पण काय तो मंडप! बाया, म्हातारे, लेकरं, उभं राहायला जागा नाही.

सवाल म्हणालो आणि थांबलो. म्हटलं, "सदतीस वर्षांमागं या सवालाचा जवाब इथं आला नाही. आज आला हाय. ऐका." साधना उठली. 'दौतीतलं' म्हणताना तिचा आवाज फाटला आणि मंडप उसळला. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण! चार वेळा म्हणायला लावलं. मीच खाली बसून झील धरत होतो. एक म्हातारी पुढं येऊन माझा हात धरून म्हणाली, "हारले बाप्पा तुम्ही." म्हटलं, "हाव माय, हारलो." इतकं मोकळं वाटलं की काय लिहू!

पण एक आहे. दुसरा कुणी असता तर ते पान गुपचूप फाडून टाकलं असतं. मी नाही फाडलं. मनाचा मोठेपणा लागतो त्याला! डोमाजीनंही मान डोलावली असती.

२० एप्रिल, रविवार

साधना मूळ वही देऊन गेली. "तुमच्यापाशीच राहू द्या काका." एकोणिसावं गाणं उघडलं. खाली डोमाजीनं तारीख टाकली आहे. उतरवताना तिनं ती सोडून दिली होती.

'नेर, ३ मार्च ८८. उकंडाचा सवाल ऐकून आलो, रात्रीच लिहिला.'

ढाणकीच्या आठ दिवस आधी. जवाब त्याच्याजवळ होता.

आणि मंचावर चढायच्या आधी चहा पिताना मीच त्याला म्हणालो होतो, समोर पोरीचा बाप बसलाय, आज हरलो तर पोरगी हातची जाते.

प्रभावती दारातून विचारते आहे, काहून रडून राह्यले. हिला काय सांगू?