फुटली कशी, विचारू नये

बाबा, मी आत्ता बदलापूरला, शिरगावात, एका अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या मागे छोट्या पोकलेनच्या केबिनमध्ये अडकून बसले आहे. अडकून म्हणजे कामात अडकून नव्हे. ते तर तुम्ही गेल्यापासून, वीसेक वर्षं, चालूच आहे. बाहेर पडता येत नाही, इतक्या साध्या अर्थानं अडकले आहे. डाव्या हाताला दार आहे, पण त्याच्यापुढे चार बोटांवर कंपाउंडची भिंत. समोर मालकानं दगड उडतात म्हणून लोखंडी जाळी वेल्ड करून घेतलेली. उजवीकडची काच पक्की. आणि मागची, जिच्या रिकाम्या चौकटीतून मी आत शिरले, ती मघाशी मीच बसवली. फार छान बसली आहे. तुम्ही असतात तर एक टिचकी मारली असती, आवाज ऐकला असता आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागला असतात. तुमची शाबासकी तेवढीच असायची, तीही काचेला.

उल्हासनगरच्या आपल्या दुकानात तुमचा एकच कायदा होता. गिऱ्हाइकाला काच केवढी ते विचारावं, फुटली कशी ते विचारू नये. मी सातवीत असेन. हाताला फडकं गुंडाळलेला एक माणूस कपाटाच्या आरशाचं माप घेऊन आला आणि मी विचारलं, "काका, कशी फुटली?" तो म्हणाला, "वाऱ्यानं." कपाटाचा आरसा, वाऱ्यानं! मी हसले. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "त्याच्या घरातल्या वाऱ्याचं नाव काय, ते आपल्याला कशाला? आपण माप घ्यायचं." त्या दिवसापासून मी कुणाला काही विचारलं नाही. लग्न ठरवलंत तेव्हा तुम्हालाही नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पुठ्ठा होता, उभ्या गावाला काचा लावणाऱ्याच्या घरी पुठ्ठा. आई भाकरी थापताना त्याच्याकडे बघायची, मग तुमच्याकडे बघायची, आणि विचारायची तीही नाही. शिस्तीचं घर होतं.

परवा ऑपरेटरचा फोन आला, मागची काच गेलीय म्हणून. मी माप घेतलं. कायद्यानुसार दुसरं काही विचारलं नाही. चौकटीच्या रबरात काचेचे दाणे अडकले होते, खडीसाखरेसारखे, म्हणजे टफन, भट्टीत कडक केलेली काच. ती कापता येत नाही. मापाचा पुठ्ठा देऊन अंबरनाथच्या भट्टीतून तयारच आणावी लागते. दहावी झाल्यावर तुम्ही मला घड्याळाऐवजी काच कापायची हिरकणी दिलीत. आईला वाटलं, खरंच हिरा आणला. दोन दिवस तिनं तुम्हाला दूधबिध जास्त दिलं. ती हिरकणी अजून चालते, पण हल्ली येतं ते सगळं असं आधीच कडक होऊन आलेलं. तिला कामच उरलं नाही.

आज आम्ही दोघं आलो, मी आणि आपले कारागीर मामा. तुमच्या हाताखाली होते तेच. आता दात नाहीत, बाकी तसेच. काचेला रबर चढवलं, रबराच्या खाचेत दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. एकानं बाहेरून काच थापटत राहायचं, एकानं आत बसून दोरी ओढायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. आत मी. लहानपणी मी काडी होते म्हणून तुम्ही मला आत घालायचात. मला ती पहिली ट्रकची केबिन दिसते: तुम्ही काचेपलीकडे, तोंड हलतंय, आवाज अर्धाच पोचतोय. "ओढ. हळू. अगं हळू, म्हैस ओढतेयस का?" आता मीच म्हशीच्या आकाराला आलेय, पण आत कोण जाणार हा प्रश्न अजून कुणी काढलेला नाही. मीही नाही. दोरी सुटली, काच बसली, मामांनी बाहेरून अंगठा दाखवला.

"झालं मॅडम, उतरा," ऑपरेटर म्हणाला.

"कुठून?"

त्यानं भिंतीकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे हां! बॅटरी बसली ना, मशीन इथंच बंद पडलं. मैं भी तो ऐसेही अटका था."

"मग तू कसा निघालास?"

"काच फोड के."

मामा जे हसले ते वाळूच्या ढिगावर बसूनच हसले. "आयला! ताई, तू तं स्वतःलाच पॅक केलास! आता काय, परत फोडाची?"

ऑपरेटर बॅटरी आणायला गेला आहे. ती बसवली की तो बाहेरून सांगेल तशी मी आतली किल्ली फिरवायची, मशीन भिंतीपासून सरकलं की दार उघडेल. तसं बॅटरीवाचूनही बाहेर यायचं मला येतं: आतून रबर उलटं करायचं, कोपऱ्यात टाच लावायची. पण काच त्या खडीवर पडली की तिची पुन्हा खडीसाखर. म्हणून बसले आहे. ऊन वर आलंय. दाराची सरकती खिडकी उघडली तर भिंतीची झळ आत येते. मघाशी क्षणभर खरंच घाबरले, बाबा. माझाच श्वास मला परत मिळत होता. ओरडावं म्हटलं, तर मामा काचेपलीकडून हात हलवून हसले. त्यांना वाटलं मी गाणं म्हणतेय. मग मोबाइल काढला आणि तुम्हाला लिहायला घेतलं.

लिहितानाच शेजारच्या शेठचा फोन आला. त्याला आपलं दुकान हवंय. मधली भिंत पाडून मोबाइलच्या कव्हरांचं मोठं दुकान करायचंय, आणि आज संध्याकाळपर्यंत मी हो म्हटलं नाही तर तो पलीकडचा गाळा घेणार. नवरा म्हणतो दे, लेक म्हणते दे, माझे गुडघे तर कधीपासून म्हणताहेत. मीही सगळ्यांना हेच ऐकवत आले: बाबांनी गळ्यात बांधलंय, एकदा सुटू दे. आज सुटायचंच ठरवून निघाले होते.

"अदी, हां बोल दूं ना वकील को?" तो मला त्यांच्या सिंधीत अदी म्हणतो, म्हणजे ताई. "सोचना क्या है? आपके पापा होते, तो वो भी बोलते, बेटी, अब छूट जा."

आणि मी म्हटलं, "नहीं शेठ. दुकान नहीं देना."

"अरे, पर फँस जाओगी, अदी!"

"फँसी हुई ही हूं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी इथे बसून तुमचं एक वाक्य शोधते आहे. दुकान सांभाळ, दुकान सोडू नकोस, असं काहीतरी; तुम्ही ते म्हणाला असणारच, मी गावभर सांगत फिरलेय. शेवटच्या आजारपणातलं सगळं आठवून पाहिलं. पंखा बारीक कर, म्हणालात. डाळीत मीठ नाही, म्हणालात. मामांना चहा दे, म्हणालात. दुकानाचं काहीच नाही. एकदाही नाही.

ऑपरेटरची मोटरसायकल वाजते आहे, मागे बॅटरी बांधलेली दिसते. हे कुठे पाठवणार? तुमचा नंबर तर त्या वर्षीच दुसऱ्या कुणाला तरी दिला गेला. राहील इथेच. आता मशीन सुरू होईल, मी उतरेन, घरी जाईन, आणि नवरा विचारेल, का नाही म्हणालीस? मी तुमचंच नाव सांगणार आहे, बाबा.