अंकुर मोहोडचं वजन आणि लाडू यांची वाटणी

मी, अंकुर नत्थुजी मोहोड, वय वर्षे सव्वीस, शिक्षण नववी (दोनदा), राहणार मौजे पिंपळखुटा, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, सध्या मुक्काम पवनचक्क्यांचा कॅम्प, खोली नंबर सात, कच्छ, गुजरात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीत आहे. सकाळपासून फक्त काकडी खाल्ली आहे, पण शुद्धीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आहे तो पॅन्टच्या बटणावर, आणि तो मृत्युपत्रात धरत नसावेत.

लिहिण्याचं कारण असं. मी पवनचक्कीवर चढून दुरुस्ती करतो. आमच्याकडे नियम आहे की शंभर किलोच्या वरचा माणूस चढणार नाही, कारण अंगाला बांधायचा पट्टा तेवढंच वजन पेलतो. डिसेंबरच्या मध्यावर मी काट्यावर उभा राहिलो तर एकशे चार. कॅम्पचे डॉक्टर म्हणाले, "मोहोड, एकोणीस जानेवारीला परत वजन. शंभराच्या आत आलास तर वर. नाही तर कायमचा स्टोअरमध्ये, नट-बोल्ट वाटत बस. आणि असंच गोड खात राहिलास तर मृत्युपत्र लिहून ठेव."

शेवटचं ते गमतीने म्हणाले. मी मनावर घेतलं.

कलम १. वावर आणि घर बाबांच्या नावावर आहे, त्यात मी हात घालत नाही. बँकेत जे असेल ते आईचं, म्हणजे सौ. सुभद्रा नत्थुजी मोहोड हिचं. त्यावर चर्चा नको. मोबाईल बाबांना. मोटरसायकल विपुलला. विपुल माझ्या गावचा, माझ्यासोबतच चढतो, सध्या संक्रांतीच्या सुट्टीवर गावी गेला आहे. तो अठ्ठावन्न किलोचा आहे आणि माझ्या ताटातलं खाऊनही अठ्ठावन्नच राहतो. याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. तरी मोटरसायकल त्यालाच, कारण ती तशीही तोच चालवतो.

कलम २. चोवीस नंबरचा पाना माझा स्वतःचा आहे, कंपनीचा नाही. तो कोणालाही देऊ नये. घरी खुंटीवर लटकवून ठेवावा.

कलम ३. माझी चौतीस कंबरेची निळी पॅन्ट, जी मी चार वर्षांपासून आशेने सांभाळली आहे, ती तानुमावशीला द्यावी. साधनाताईच्या लग्नात, अमरावतीच्या मंगल कार्यालयात, सगळ्या वऱ्हाड्यांसमोर मावशी म्हणाली होती, "अवो सुभद्रे, पोरगं आलं का पंगत आली?" पॅन्ट बघून तिची खात्री व्हावी की हा पोरगा एके काळी एका माणसाएवढाच होता.

कलम ४. खाटेखालच्या पेटीत, हेल्मेटच्या आत, पिशवीत गुंडाळून अडदियाचे अकरा तुकडे आहेत. अडदिया ही इथली थंडीतली मिठाई, उडदाच्या पिठाची, हातात धरली की तूप मनगटापर्यंत येतं. हे तुकडे मी वजन कमी करायला लागल्यावर घेतले, आधी नाही. खरं बोलायला मृत्युपत्रासारखी जागा नाही म्हणून सांगतो. ते मेसच्या पोरांनी वाटून घ्यावेत.

वजन उतरवताना मी जे नियम पाळले तेही पुढच्या माणसाच्या उपयोगासाठी ठेवून जातो. उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही. दुसऱ्याच्या ताटातून उचललेलं त्याच्या अंगाला लागतं. मोडलेला तुकडा हा तुकडा असतो, मिठाई नसते. शनिवारचा मारुतीचा शिरा हा प्रसाद आहे, त्याला वजन नाही. हे चारही नियम मी पंधरा दिवस पाळले आणि वजन एकशे चारचं एकशे पाच झालं. तेव्हा हे नियम मी रद्द करतो. पुढच्या पंधरा दिवसांत काकडी, ताक, आणि चक्कीच्या भोवती सकाळ-संध्याकाळ चकरा. जेवणाचं मात्र काय करावं? इथे वरणातसुद्धा गूळ घालतात. भाजी गोड, वरण गोड, ताक तेवढं खारट, म्हणून मी ताकावर जगलो.

आज शनिवार. गोदामाच्या काट्यावर शंभर किलो चारशे ग्रॅम भरलो. मिशी काढली, केस कापले, नखं कापली. तरी चारशेच्या चारशे. चारशे ग्रॅम म्हणजे आईच्या हातचे चार लाडू.

कलम ५. आता आईवरचा दावा. हे कलम लांबेल.

दिवाळीला गावी जाण्याआधीच डॉक्टरांनी मला गोड बंद सांगितलं होतं. मी घरी फोन केला. आमच्याकडे ड चा ळ होतो, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. आईचा पहिला प्रश्न नेहमीचाच:

"तू खाली हायेस का वरतं?"

"खालीच आहो, माय."

"मंग वारा काहून वाजून राह्यला?"

"पंखा हाय." मी नव्वद मीटरवर होतो. वर रेंज चांगली येते. "माय, आयक. डॉक्टरनं गोळ बंद सांगतलं. एकदम बंद. वजन शंभराच्या वर गेलं त मले वर चढू देत नाहीत."

"शंभराच्या वर?"

"हाव. म्हणून गोळ बंद."

"बरं बापा," आई म्हणाली. "बंद त बंद."

घरी पोचलो. पाहतो तर गोळं तेल बंद! म्हणजे गोडं तेल, शेंगदाण्याचं, ज्यात आमचं घर इतकी वर्षं चाललं, ते बरणीसकट माळ्यावर. आणि तेल बंद म्हणून सगळं तुपात. भाजीची फोडणी तुपात. भजी तुपात. करंज्या, चिरोटे, अनारसे, सगळं तुपात न्हालेलं. पुरणपोळीवर तर तूप इतकं की पोळी खाली कुठे आहे ते चमच्याने शोधावं लागे.

"माय, हे काय?"

"तूच त म्हटलं, गोळं बंद. एक थेंब तेल नाही घातलं, तुह्या बाबाले इचार."

बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले, "नाही घातलं बा. असंच बंद राहू दे."

समजावून सांगितलं. ती म्हणाली, आता केलेलं वाया जाईन का? नाही जाऊ दिलं. वीस दिवसांत सहा किलो. तेव्हा सदर सहा किलो हे सौ. सुभद्रा मोहोड हिच्या ऐकण्यातल्या चुकीने माझ्या अंगावर आलेले असून, त्याची जबाबदारी तिची राहील. माझ्या पश्चात हे सहा किलो तिने परत घ्यावेत.

कलम ६. स्टोअरमध्ये बसलो तर काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. म्हणून लिहितो.

मी अकोल्याला हॉटेलात दोन महिने केले, धारणीच्या जीपवर क्लीनर म्हणून सहा आठवडे, सुरतेत मागावर तीन महिने, पुण्यात वॉचमन म्हणून नऊ दिवस. कुठेच बूड टेकलं नाही. जिथे असेन तिथून दुसरीकडे जावंसं वाटे. या चक्कीवर चार वर्षं झाली. आत शिडीने चढत जायचं, वरचं झाकण उघडायचं, आणि मग एकदम सगळं पांढरं, मिठाचं, जिकडे बघाल तिकडे. तिथे उभा राहिलो की मला कुठे जायचं नसतं. अशी जागा मला दुसरी सापडली नाही. गावात फक्त निंब होता. आमच्या अंगणातला कडुनिंब. मी चालायला शिकलो आणि लगेच त्याच्यावर चढायला शिकलो. बाबा ओरडत, मास्तर ओरडत. आई ओरडत नसे. ती खाली उभी राहायची, पदराखाली गुळाच्या भज्यांची वाटी धरून. "आज गुलगुले केले बाप्पा. गरम हायेत." मी सरसर खाली. मोझरीच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलो तेव्हाही ती खाली डोळे मिटून उभी, हातात पेढ्याचा पुडा. पाळणा थांबला तेव्हा पुड्याचा चेंदा झाला होता. तो चेंदा मी बोटाने खाल्ला. तसा पेढा परत कुठे मिळाला नाही.

स्टोअरमध्ये मी नऊ दिवस टिकेन. मग परत रेल्वे, परत नवीन गाव. एवढंच माझं म्हणणं.

कलम ७. आज रविवार. दुपारी विपुल आला. खांद्यावर बॅग, हातात स्टीलचा पाच किलोचा डबा, झाकणाला साडीचा काठ बांधलेला. डिंकाचे लाडू. वास खोलीभर.

मी म्हटलं, "डबा तिकडं ठेव. आंधी इथं सही कर, साक्षीदार म्हणून."

त्याने कागद वाचला. "मोटरसायकल माह्या नावानं लिहिली?"

"हाव."

"मंग मी सही नाही करत. ज्याले वाटा भेटते त्यानं साक्षीदार व्हायचं नसते म्हणते. वाटा बाद होते."

"बरं, मोटरसायकल ऱ्हाऊ दे. लाडू घे अर्धे."

"लाडू बी वाटाच हाय ना!" तो खाटेवर बसला, एक लाडू फोडला. "लाडवावरून आठोलं. काकू मले म्हणे, शंभर झाले का रे त्याचे? मी म्हटलं, शंभर काहाचे, काकू, डब्यात जेमतेम चाळीस बसले. त म्हणे, लाडू नाही रे, किलो."

"काय म्हणे?"

"किलो. म्हणे, शंभराच्या वर गेला का नाही? वर गेला त त्याले वर जाऊ देत नाहीत ना? मी म्हटलं नाही देत. त पुन्हा पातेलं चुलीवर ठेवलं अन् वाटीभर तूप ओतलं अजून." तो चघळत थांबला. "काहून? मी सांगाले नोको होतं का?"



माझी आई चुलीपाशी बसून फाटकाची कडी कोणी वाजवली ते ओळखते. तिला गोळ आणि गोळं तेल यातला फरक कळला नाही, हे मी अडीच महिने मानून बसलो होतो. नववी दोनदा उगाच नाही झाली.

फोन लावला.

"तू खाली हायेस का वरतं?"

"खाली. खाटेवर. विपुल समोर हाय, इचार त्याले. माय, तुले मालूम होतं ना, गोळ म्हणजे काय ते?"

मागे बाबांच्या रेडिओचा आवाज.

"निंबावरून तुले गुलगुल्यानं उतरवत होतो," आई म्हणाली. "आता निंब मोठा झाला. म्हणून लाडू बी मोठे केले."

"माय, निंबावरून मी कधी पडलो का?"

"नाही."

"मंग?"

"पडला नाही, कारण मी खाली उभी होतो. तिकडं खाली कोण उभं हाय?"

विपुलने चघळणं थांबवलं होतं. मग तो फोनकडे तोंड करून म्हणाला, "काकू, मी हाय. अठ्ठावन्न किलोचा हाय पण हाय."

आई हसली का रडली ते रेंजमध्ये कळलं नाही.

कलम ८. वरील कलमांत काहीही लिहिलं असलं तरी शेवटचं म्हणणं खालीलप्रमाणे धरावं.

आईवरचा सहा किलोंचा दावा मी मागे घेतो. तिने ते चुकीने दिले नव्हते.

डब्यातले लाडू सर्व कॅम्पात वाटावेत, एक सोडून. तो एक कोणी खाऊ नये, मीही नाही. तो चक्कीच्या खालच्या दरवाजाशी ठेवायचा आणि मी खाली उतरल्यावरच खायचा. यापुढे हीच पद्धत. चढण्याआधी गोड नाही, उतरल्यावर एक. आईने लाडू सुपारीएवढे करावेत आणि पाठवत राहावेत. तुपाचं तिच्या मनावर. उतरलो की मी फोन करीन आणि यापुढे पंखा हाय म्हणून सांगणार नाही. वर असलो तर वर म्हणीन.

उद्या वजन जास्त भरलं तर स्टोअरमध्ये बसेन आणि आईला दोष देणार नाही. तानुमावशीची पॅन्ट मात्र कायम.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आईने करावी. तिच्याशिवाय माझ्याकडून काही करून घेणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

साक्षीदार:

१. चंदन, मेसचे आचारी. (अडदियाच्या वाट्यातून स्वखुशीने बाहेर. "मला माहीत होतं हेल्मेटमध्ये आहेत. अकरा नाहीत, सात आहेत," असं त्यांनी सही करताना सांगितलं.)

२. विपुल. (मोटरसायकल नको म्हणून सही केली. दोन लाडू सहीच्या आधीच खाल्ले, ते वाट्यात धरू नयेत असं त्याचं म्हणणं.)

लिहून देणार: अंकुर नत्थुजी मोहोड

ठिकाण: कॅम्प, कच्छ. दिनांक १८ जानेवारी २०२६, रविवार.

पुरवणी, सोमवार, १९ जानेवारी. वजन नव्याण्णव किलो आठशे. डॉक्टरांनी काटा दोनदा तपासला आणि माझी मिशी कुठे गेली ते विचारलं. अकरा वाजता चढलो. एक वाजता उतरलो. दरवाजाशी विपुल उभा होता, हातात वाटी, वर त्याचाच रुमाल झाकलेला. फोन लावला.

"खाली हायेस का वरतं?"

"खाली."

आई ऐकत राहिली. वारा नव्हता.

"मंग खाय," ती म्हणाली.

सही: अंकुर न. मोहोड