भिजलेले तळहात

देरा, दुबई
१४ मार्च २००३

प्रिय विभा,

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. वाचनालयाने आपणहून गणिताचा वर्ग घ्यायला बोलावलं आणि तू महिनाअखेरीला नकार कळवणार? कारण काय, तर फळ्यासमोर उभं राहायच्या विचारानेच तळहात भिजतात, छाती धडधडते. म्हणजे डोकं आता साथ देणार नाही, म्हणे! पासष्टी आली, अक्कल कधी येणार?

आता माझी फजिती ऐक. माझी भाची शुभ्रा इथल्या एका इस्पितळात संशोधन करते. डोकं कामाला लागलं की शरीरात काय होतं, ते मोजते. तिला म्हातारी माणसं हवी होती. मला 'ज्येष्ठ' म्हणाली, म्हणून गेले. मोठ्या नळीत आडवं करून मेंदूची चित्रं काढायची, त्याच वेळी बोटाला नाडीचं यंत्र आणि तळहाताला घाम मोजणाऱ्या चकत्या. पण घामाची रेघ काही हलेना. शुभ्राने तारा बदलल्या. यंत्रावरचे अलीमियाँ म्हणाले, खलास, मशीन गया. शेवटी कबूल केलं, की येताना तळहातांना टाल्कम पावडर चोपडली होती. परक्यांपुढे ओले हात कसे न्यायचे! अलीमियाँ चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. शुभ्रा म्हणाली, मावशी, तू माझा पुरावाच पुसून आलीस!

हात धुऊन पुन्हा आत. हजारातून सात-सात वजा करायचे, मनातल्या मनात. यंत्राची ठोकाठोक अशी, की जणू शेजारी इमारत उठतेय. तरी मी थेट सहापर्यंत पोचले! मग शुभ्राने आलेख दाखवले. गणित सुरू झालं की नाडी पळायची, तळहात भिजायचे आणि मेंदूतल्या लक्ष देणाऱ्या जागा उजळायच्या, सगळं एकदमच. नुसती पडून होते तेव्हा सगळं थंड. घाम म्हणजे भीतीच असं नाही गं, ती म्हणाली, शरीर कामाला उभं राहतंय. त्या आनंदात तिघांनी खाडीकाठी कुनाफा, इथली चीज घातलेली गोड मिठाई, हाणला.

पण यंत्राचं कौतुक सांगायला हे लिहीत नाही. आठवीत तोंडी गणिताच्या स्पर्धेत सिस्टर बर्नाडेटनी तुला उत्तर लिहायला फळ्यापुढे बोलावलं. तुझ्या ओल्या हातातून खडू निसटला आणि भर वर्गात मी तुला 'बेडकी' म्हणाले. तू मागे फिरलीस, बक्षीस मला मिळालं. विभा, माझेही हात तेव्हा भिजले होते. मी ते झग्याला पुसत होते. एक्कावन्न वर्षं हे तुला बोलले नाही. मला माफ कर आणि वर्ग घे. खडू निसटला तर उचल; पोरं थांबतील.

तुझीच, ओल्या हातांची
सुजाता