टाउन हॉलमधली प्रार्थना

पप्पा,

तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं. आपल्या टाउन हॉलमध्ये कौन्सिलच्या सभेआधी प्रभूची प्रार्थना व्हायची ना, ती बंद झाली.

तुम्हाला त्या सभांना जायला का आवडायचं, ते मला ठाऊक आहे. इथे परदेशात आल्यापासून कारखान्यात दर नाताळला कुणीतरी गोरा तुम्हाला विचारायचाच, "कन्व्हर्ट कधी झालास?" घरी आलात की करंज्या तळणाऱ्या आईला तुम्ही सांगायचात, "माझे पणजोबा नगरच्या चर्चमध्ये पाळक होते, हे यांना कितीदा सांगू?" टाउन हॉलमध्ये मात्र सगळे उभे राहायचे, माना खाली घालायचे, आणि तुम्ही त्यांच्यातलेच एक असायचात. मी चुळबुळ केली की हळूच कोपर मारायचात. "नीट उभी राहा. इथे आपण पाहुणे नाही."

प्रार्थना बंद करायची का, यावर कौन्सिलमध्ये मतदान ठरलं, तेव्हा त्या तुमच्या शब्दांसाठीच मी सभेत बोलायला नाव दिलं होतं. प्रार्थना राहू द्या, असं सांगणार होते. सभेआधी लॉबीत एक म्हातारी गोरी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हा लोकांसाठी आमची प्रार्थना काढून टाकतायत." मला रागही आला आणि हसूही. "ती आमचीही आहे," मी म्हटलं, "माझे वडील मराठीत म्हणायचे." ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "म्हणून दाखवशील?" हातात कोट धरून, वॉशरूमच्या दाराशी उभी राहून मी म्हटली, तुमच्यासारखीच सावकाश. तिने डोळे मिटले होते. "आमेन" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

ही बाई इतकी वर्षं त्या हॉलमध्ये प्रार्थनेला उभी राहत होती, तरी त्या दिवशी मी तिला परकीच वाटले होते. ओळख झाली ती लॉबीत. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून म्हटलं, "मला काही बोलायचं नाही." मतदान झालं. आता सभेआधी मिनिटभर नुसती शांतता असते. प्रार्थना संपेपर्यंत दरवेळी कॉरिडॉरमध्ये थांबणारा पगडीवाला शीख कौन्सिलर आता सुरुवातीपासून आत असतो. मला वाटलं होतं, रडू येईल. पण हायसं वाटलं, पप्पा, खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं. प्रार्थना आपली होती ती आपलीच राहिली, आणि ती गावाला दाखवायचं काम संपलं.

हे पत्र मी कुठे धाडणार! तरी एक सांगून टाकते. त्या पहिल्या शांततेत मी प्रार्थना केलीच नाही. गाडीला बर्फासाठीचे विंटर टायर अजून बसवायचेत, एवढंच मनात येत राहिलं.