वेंडेलच्या गाडीचा हार

मॉरिसव्हिल, ऑक्टोबर २००६

आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र टाळत होतो. पेन घेतलं की गॅरेजमध्ये काहीतरी काम आठवायचं. मी ठणठणीत आहे, आधी तेवढं वाच. गुडघ्याला तेल लावतेस ना? इथल्या इंडियन दुकानात आता कढीपत्ता मिळतो.

मी काम करतो त्या गॅरेजचा मालक वेंडेल गेला. शनिवारच्या रेसमध्ये त्याची गाडी भिंतीवर आदळली. आठवडाभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि शनिवारी गावाजवळच्या छोट्या गोल ट्रॅकवर स्वतःची पळवायचा. मोठ्या रेसला कधी कुणी बोलावलं नाही. म्हणायचा, "इथं शेंगदाणे विकणारासुद्धा मला नावानं हाक मारतो."

दसऱ्याला मी त्याच्या रेसच्या गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला. तो म्हणाला, "पॅरी, आमच्याकडे माणूस मेल्यावर गाडीवर फुलं घालतात." मला कुठं माहीत होतं? मी काढायला गेलो तर हसला, हार आत लटकवला आणि तसाच रेसला गेला.

आई, हारानं काही झालं नसेल ना? तू खरं सांग. मी रेसला फक्त चाकं बदलतो, गाडी चालवत नाही. काळजी करू नकोस.

थांब, बाहेर त्याची आई आलीय. भीतीपोटी ती कधी ट्रॅकवर आली नाही, की या गॅरेजात. मोडक्या गाडीतला हार हातात घेऊन विचारतेय, हा कुणी घातला.

जातो बाहेर.

तुझा,
परीक्षित