आधी कोरडं खा

मनिला, ३ मे १९९१

ती. एदिताआत्यास, जोव्हेलिनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मित्राच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला बाबा मनिलाला येणार, आणि माझं नाव न घेता तू त्यांना माझ्याच रेस्टॉरंटात जेवायला धाडणार!

मी आपलं गाव, कारकार, सोडताना ते काय म्हणाले होते, विसरलीस? मनिलात लेचोनवर सॉस ओतणार असशील, तर माझी मुलगी म्हणवून घेऊ नकोस. तेव्हापासून बोलणं बंद. मी लेचोनचं अख्खं डुक्कर त्यांच्यासारखंच निखाऱ्यावर फिरवते, पोटात गवती चहा भरून ते शिवते, कातडी कडकन मोडते. पण आपल्यासारखं नुसतं कोरडं इथे कुणी खात नाही; टेबलावर कलेजीच्या सॉसची वाटी नसली, तर इथलं गिऱ्हाईक उठून जातं. त्या दिवशी वाट्या लपवू का? मला बाबा परत हवेत गं.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
जोव्हेलिन

कारकार, ११ मे १९९१

चि. जोव्हेलिनला अनेक आशीर्वाद.

एक जरी वाटी लपवलीस तर माझ्याशी गाठ आहे. तुझ्या बापाला, क्रिस्पुलोला, सॉसचा वास रस्त्यावरूनच येईल. वाट्या काठोकाठ भर आणि तू फक्त विस्तव सांभाळ.

मनिलातलं एक लेचोन त्याच्या लेचोनपेक्षा बरं आहे म्हणतात, एवढंच मी त्याला सांगितलंय. तेव्हापासून नुसता फणफणतोय. बोट चुकली तर पोहत येईल. एवढी घाबरट तू कुणावर गेलीस कोण जाणे!

जेवत जा, आणि म्हातारीला विसरू नकोस.
तुझी आत्या

मनिला, २७ मे १९९१

ती. आत्यास सा. न.

आत्या, ते आले! मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड होते. दारात मांडलेल्या लेचोनपाशी थांबून त्यांनी डुकराच्या पोटाची शिवण निरखली आणि आत येऊन बसले. समोर आलेली सॉसची वाटी एका बोटाने टेबलाच्या टोकाला सारली.

तेवढ्यात शेजारचे एक जाडे साहेब कातडीवर सॉस ओतायला निघाले. बाबांनी उठून त्यांचं मनगटच धरलं! आधी कोरडं खा, मग खुशाल काय ओतायचं ते ओता, असं सगळ्यांदेखत बजावलं. साहेब दचकले, पण खाल्लं. कातडी मोडल्याचा आवाज पडद्याआड ऐकू आला. मग साहेबांनी वाटी बाजूला करून आणखी एक प्लेट मागवली, आणि बघता बघता सगळी टेबलं कोरडंच खायला लागली. भरलेल्या वाट्या तशाच परत आल्या, आत्या! मी रडले काय, हसले काय. डोळे पुसून बाहेर येते तर बाबा गेलेले.

त्यांनी ओळखलं का गं? लवकर लिही, तोवर घास उतरायचा नाही.
तुझीच जोव्हेलिन

कारकार, ६ जून १९९१

चि. जोव्हेलिन, आशीर्वाद.

तुझं पत्र आत्याने वाचून दाखवलं आणि उत्तर मीच द्यावं म्हणाली. मला पत्रं लिहिता येत नाहीत.

मागच्या पायांशी विस्तव कमी पडला. कातडीला नारळपाणी जरा आधी फासत जा. बाकी ठीक. ठीक म्हणजे माझ्यापेक्षा बरं. हे गावात सांगू नकोस, बोटीवर मी सगळ्यांना सांगून आलोय.

शिवण बघताच ओळखलं. तो टाका तुझ्या आईचा, तिनेच तुला शिकवलेला. आत येणार होतो, पण डोळे भरून आले, आणि म्हाताऱ्याला चारचौघांत ते शोभत नाही.

तुझ्या पाटीवर मालकिणीचं नाव नाही. रंगाऱ्याला बोलावून 'क्रिस्पुलोची मुलगी' असं लिहून घे. मोठ्या अक्षरांत. पुढच्या महिन्यात वाचायला येतोय.

तुझा बाबा