पुसून टाकलेली रेघ

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार (कमरेला पट्टा आहे, म्हणून सध्या कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? पूर ओसरल्यावर घरी परतलीस आणि पोचल्या पोचल्या खराटा हातात घेतलास, असं बाबांकडून कळलं. म्हणजे तब्येत ठणठणीत.

इकडे मी पुरात घरांचं किती नुकसान झालं याचा अंदाज काढत दारोदार हिंडतोय. पाणी जिथवर चढतं तिथवर भिंतीवर गढूळ रेघ उमटते. ती मोजायची आणि त्यावरून गिलावा, दारं, वायरिंग, सामान, काय काय गेलं ते ठरवायचं. रेघ जितकी वर तितकी भरपाई जास्त. (लोक रेघ वर सरकवतील अशी आमच्या साहेबांना कायम धास्ती. साहेबांना माणसं ठाऊक नाहीत.)

परवा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. अख्ख्या गल्लीची दैना आणि यांचं घर लख्ख! घासलेल्या भिंती, त्यावर ताजा रंग, मधोमध मऊ सोफा. मला वाटलं, घर चुकलं. बाई म्हणाल्या, "नाही हो, बरोबर आलात. साहेब येणार म्हटल्यावर पसारा कसा दाखवायचा?" सोफा वरच्या मजल्यावरून मागून आणलेला (तो परत न्यायला दोघे शेजारी जिन्यात ताटकळत उभे). आणि पाण्याने गंजलेलं शिलाई मशीन लाज वाटते म्हणून मागच्या खोलीत चादरीखाली झाकलेलं. ज्याच्यावर पोट चालतं तेच लपवून बाई मला चहाचा आग्रह करत होत्या. मला फार वाईट वाटलं गं.

डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, हा आमचा नियम. म्हणून न घासलेली भिंत शोधायला मी लोखंडी कपाटामागे शिरलो. रेघ सापडली, चांगली छातीएवढी. मी मात्र तिथेच अडकलो. शेवटी त्याच दोघा शेजाऱ्यांनी सोफा सोडून मला ओढून काढलं. कंबर गेली, पण बाईंचं नुकसान नीट नोंदलं गेलं.

बाकी कंबर सोडून सगळं जागेवर आहे.
तुझा मोडका भाचा

ता. क. : सोमवारी तुझ्या घरी माझा सहकारी येणार आहे (नात्यातलं घर मला मोजता येत नाही). माणूस भला आहे, पण जाडजूड. कपाटामागे मावायचा नाही. तेव्हा आत्या, पाया पडतो, भिंतींना हात लावू नकोस!

ता. क. २ : पाकीट बंद करणार तेवढ्यात बाबांचा फोन आला. तू कालच सगळ्या भिंती घासून काढल्यास म्हणे. मी कपाळाला हात लावला. फक्त स्वयंपाकघराच्या दाराची चौकट सोडलीस, कारण तिच्यावर आम्हा पोरांच्या उंचीच्या खुणा आहेत. पाण्याची रेघ तिथे अजून आहे, माझ्या तिसरीतल्या खुणेच्याही वर. एवढ्या पाण्यातून तुला नावेने बाहेर काढलं, आणि मला तू कळवलंस, "थोडं ओलं झालंय." धन्य आहेस! सहकाऱ्याला ती चौकट दाखव. पत्र आता पोस्टात टाकत नाही, मीच घेऊन निघतोय. सोफा कुणाकडून मागून आणू नकोस. माझ्या कमरेला जमीनच बरी.